सातवी तार आणि माझा साडू

सहा तारांच्या गिटारवर माझं उत्तम चाललं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी दया यायला नको. मला कुणी भरीस पाडलं नाही, कुणी फसवलं नाही. सातवी तार मी आपल्या हातांनी घरात आणली आणि तिच्यापायी साडू गमावला. साडू आहे अजून, ठणठणीत आहे. नात्यानेही साडूच आहे, कारण त्या पदाचा राजीनामा देता येत नाही. पण आम्ही दोघं मिळून जे वाजवायचो ते गेलं, आणि ते गेल्यावर मागे जे उरलं ते नुसतं नातं.

त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. सासुरवाडीत एक जावई असला तर तो कौतुकाचा असतो. दोन झाले की परीक्षा सुरू होते. "धाकटे जावई बघा, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतात," असं सासूबाई हवेत बोलायच्या आणि ते हवेतून बरोबर माझ्यापर्यंत यायचं. अशा परिस्थितीत दोन साडूंनी एकमेकांना पाण्यात पाहावं हाच रिवाज. पण पहिल्याच भेटीत सासरे पेन्शनच्या नियमांवर बोलत असताना मी पाहिलं, की हा गृहस्थ चेहरा अगदी लक्ष देऊन ऐकतोय असा ठेवून मांडीवर दोन बोटं चालवतोय. आधी एक, मग दुसरं, न थांबता. मी हळूच विचारलं, "बेस?"

तो सासऱ्यांकडेच बघत म्हणाला, "चार तारा. तुम्ही?"

"सहा."

"मेटल?"

"दुसरं काय."

"मग ताट उचलायचं मी उद्यापासून बंद करतो," तो म्हणाला. तिथून आमचं अहो-जाहो संपलं.

तो गाद्या बनवायचा. एक लांबोडकी खोली, दोन शिलाई मशिनं, कापूस पिंजायचं एक यंत्र आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या तयार गाद्या. रविवारी कारखाना बंद, म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिथे वाजवायचो. गाद्यांमुळे आवाज बाहेर जात नसे. दारावरून जाणाऱ्याला आत कुणीतरी ट्रंक सरकवतंय एवढंच वाटायचं. कापसाची बारीक कुसं मात्र सगळीकडे बसायची, आणि दोन गाणी झाली की आम्ही चौघंही एका वर्षाने म्हातारे दिसायचो.

चौघं म्हणजे मी, साडू, दाढ आणि मास्तर. मी चष्म्याच्या काचा घासायचो, एका दुकानाच्या मागच्या खोलीत. दाढ ड्रम वाजवायचा. तो पोटापाण्यासाठी कवळ्या करायचा, त्यामुळे नावासाठी फार डोकं चालवावं लागलं नाही. ड्रमच्या आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून तो कवळीचा साचा घ्यायचं मेण गोळ्या करून कानांत घालायचा. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि आमच्याकडे गायचे. गायचे म्हणजे गुरगुरायचे. आठवडाभर ज्या वर्गावर ओरडता येत नाही त्याचं सगळं रविवारी बाहेर पडायचं. बँडचं नाव होतं 'गंज'. मेटल आहे, आणि आमची वयं बघता दुसरं नाव खोटं ठरलं असतं.

ज्यांना मेटल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गिटारच्या जाड तारांवर तळहाताची कड टेकवून भराभर घाव घालायचे, त्यातून करवतीसारखी घरघर निघते. खाली ड्रम. वर एक माणूस गळा फाडून काहीतरी सांगत असतो. काय सांगतोय ते कळत नाही, आणि कळलं तर बहुतेकदा निराशा होते. या सगळ्याच्या तळाशी बेस असतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण असला की सगळं जमिनीवर उभं राहतं. साडू त्या जागेवर दहा वर्षं उभा होता. मी दोन मात्रा पुढे पळालो तर तो मागून कॉलर धरल्यासारखा मला परत आणायचा. लोकांना वाटायचं मी तालात पक्का आहे.

मग तो कार्यक्रम झाला. पोहण्याच्या तलावामागे नगरपालिकेचं एक सभागृह होतं, तिथे वर्षातून एकदा हौशी बँड वाजवायचे. आमच्या आधी तिघांचा एक बँड होता. त्यांचा गिटारवाला टपालखात्यात होता, पोट सुटलेला, शर्ट खोचलेला. त्याने गिटार काढली, तिला सात तारा होत्या. सगळ्यात वरची तार म्हणजे जवळजवळ दोरखंड. त्याने ती एकदाच वाजवली. आवाज कानात आला नाही, खुर्चीतून वर आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पर्स उचलून मांडीवर घेतली.

त्यानंतर आम्ही वाजवलं. तोफेनंतर फटाकडी.

घरी परतताना मी म्हणालो, "मास्तरांचा आवाज अलीकडे उतरलाय. आपण सगळेच जरा खाली जाऊ. मी सात तारांची घेतो."

"माझा आवाज उतरलेला नाही," मास्तर म्हणाले.

साडू म्हणाला, "खाली जायचंय? खाली मी आहे की. दहा वर्षं भाड्याने राहतोय तिथे."

"तू आहेस रे. पण गिटारमध्येच दम पाहिजे."

"तुझ्यात का गिटारमध्ये?"

सगळे हसले, मीही हसलो. पण टपालखात्यातला तो माणूस माझ्या डोक्यातून जाईना. मास्तरांच्या आवाजाचं निमित्त मी पुढे केलं. खरं कारण निव्वळ पोटदुखी.

सात तारांची गिटार आली तेव्हा बायकोने ती न्याहाळून विचारलं, "सहा होत्या तेव्हाही तुम्ही खालच्या दोन कधी वाजवल्या नाहीत. मग ही सातवी कशाला?"

मी तारा लावायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेलो.

आणि हात बसेना. पंचवीस वर्षं माझा हात जाड तार शोधायला सरळ काठावर जायचा. काठावरची तार म्हणजे घर. आता काठावर ही नवी पाहुणी बसलेली, आणि घर आत एक पायरी सरकलेलं. प्रत्येक जुनं गाणं मी एक तार चुकून वाजवत होतो. गिटारची मान रुंद, अंगठा दुखायचा, आणि न वाजवलेली सातवी तार उगाच मागे गुणगुणत राहायची, जसा एखादा मामा चर्चेत नसताना हुंकार देत राहतो.

शिकवलं साडूने. रोज संध्याकाळी सहाला मशिनं बंद झाली की मी कारखान्यात जायचो. तो गाद्यांच्या चळतीवर बसून माझ्या हाताकडे बघत म्हणायचा, "आतली. आतली, आतली... अरे आतली! काठावर काय ठेवलंय तुझं?" तार गुणगुणते म्हणून त्याने उशीच्या कापडाची एक पट्टी कापली, आतून लोकरीचा जाड नमदा शिवला, तिला बक्कल लावलं आणि गिटारच्या मानेवर बांधून दिली. दुकानात असल्या पट्ट्या मिळतात, पण त्याची शिवण जास्त चांगली होती. महिना-दीड महिना तो रोज तासभर बसला. ज्या तारेने त्याची जागा जाणार होती ती वाजवायला त्याने मला शिकवलं, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्याला सुचलं होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

जागा कशी गेली ते सांगतो. त्यात काही कोडं नाही. ती सातवी तार मोकळी वाजवली की जो स्वर निघतो, नेमका तोच स्वर त्याच्या बेसच्या सगळ्यात जाड तारेवर सातव्या पडद्यावर होता. म्हणजे मी खाली उतरलो तो थेट त्याच्या खोलीत, आणि त्याच्याच खुर्चीवर बसलो. गिटार विकणाऱ्या दुकानदाराने मला बजावलं होतं, "साहेब, सात तारा घेताय तर अॅम्प्लिफायरवरचा खर्ज अर्ध्यावर आणा. खालचं घर बेसचं असतं." मी मान डोलावली होती. पण खर्ज अर्ध्यावर आणला की माझी गिटार पुन्हा माणसात यायची. पुरा ठेवला की गाद्या थरथरायच्या. मी पुरा ठेवला.

साडू दोनदा म्हणाला, "जरा खर्ज कमी कर ना." मी दोन्ही वेळा केला आणि पुढच्या गाण्याला पाठ फिरवून पुन्हा वाढवला. त्याने पाहिलं. मला माहीत होतं त्याने पाहिलं, कारण तिसऱ्यांदा त्याने सांगितलंच नाही.

मग एकदा शिवता शिवता तो म्हणाला, "मीही एक पायरी खाली जातो. जाड तारांचा संच मागवतो, बेसची मान त्यांना बसवून घ्यावी लागेल. तीनचार रविवार जातील. चालेल?"

कार्यक्रम पाच महिन्यांवर होता. तीनचार रविवार सहज देता आले असते. पण त्या दिवसांत मला माझ्याच आवाजाचं इतकं कौतुक होतं, की एक रविवारही सोडवेना. मी म्हणालो, "कशाला एवढा खटाटोप? तू आहे तसंच वाजव. चालतंय."

"चालतंय?"

"एकदम चालतंय."

त्याने दात टेकवून दोरा तोडला आणि दुसरी गादी ओढली.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही शेवटून दुसरे होतो. टपालवाला यंदा आलाच नव्हता, त्याची बदली झाली होती. माझं निम्मं समाधान तिथेच गेलं. पण वाजवलं मात्र आम्ही असं, की मागच्या भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मास्तरांच्या शाळेतले दोन शिक्षक उभे राहिले, बहुधा काळजीने. मी स्टेजच्या मागे जाऊन साडूला मिठी मारली आणि म्हणालो, "आज बेस काय लागलाय तुझा! दहा वर्षांत असा लागला नव्हता!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. मी काचा घासायचो, तिथे माणसं तपासणीला यायची. समोरच्या फळ्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर कुणाला वाचता आलं नाही की डॉक्टर त्याच्याकडे जसे बघायचे, तसं.

"खरंच?" तो म्हणाला.

"देवाशप्पथ!"

मी गिटार पेटीत ठेवत असताना साउंडवाला वायरी गुंडाळत आला. म्हणाला, "काका, एक सांगायचं राहिलं. तुमच्या बेसवाल्यांची लाइन मेलेली होती. पहिल्या गाण्यापासून काहीच येत नव्हतं. मी त्यांना खुणेने सांगितलं, पण त्यांनी हाताने 'राहू दे' केलं. मला वाटलं तुमचं काही ठरलं असेल."

मी म्हणालो, "हो हो, ठरलं होतं." का म्हणालो कुणास ठाऊक. लाज वाटली की माणूस आधी खोटं बोलतो.

सामान साडूच्या टेम्पोतून जायचं. मी शेजारी बसलो. दोन सिग्नल गेले.

"वायर खराब होती?" मी विचारलं.

"वायर चांगली आहे. बेसवरचं बटण शून्यावर होतं."

"विसरलास?"

"पहिल्या रविवारी विसरलो होतो," तो म्हणाला. "मुलीचा फोन आला म्हणून बटण खाली केलं, परत आलो आणि तसाच वाजवायला लागलो. अर्ध्या गाण्यात लक्षात आलं. म्हटलं आता कुणीतरी ओरडेल, मग वाढवू. गाणं संपलं. दाढ म्हणाला मस्त. मास्तर म्हणाले पाणी द्या. तू म्हणालास पुन्हा घेऊ."

"मग?"

"मग पुन्हा घेतलं."

"अरे पण पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी मुद्दाम ठेवलं. म्हटलं बघू."

"किती रविवार?"

"आजचा धरला नाही तर अकरा."

दाढच्या कानांत मेण होतं. मास्तरांना स्वतःखेरीज काही ऐकू येत नसे, गायकांना ते येऊ नयेच. राहिलो मी. मी त्याच्या हातभर अंतरावर, त्याच्याकडे तोंड करून, अकरा रविवार उभा होतो. त्याची बोटं हलताना बघत होतो, मान डोलावत होतो. माझीच सातवी तार ऐकून मला वाटत होतं की हा वाजवतोय.

"बोलायचं होतंस की रे," मी म्हणालो.

"काय बोलू? साडू, मी ऐकू येतोय का?" तो हसला. "आणि आज तर तू म्हणालास, दहा वर्षांत असा लागला नव्हता."

त्याने मला घरापाशी सोडलं, गिटार स्वतः उतरवून दिली, वर "ताईंना सांग, मुलीचा डबा राहिलाय तुमच्याकडे" असंही म्हणाला. पुढच्या रविवारी तो आला नाही. कारखान्याची किल्ली मेहुणीच्या हाती पाठवली. मेहुणी म्हणाली, "भावोजी, तुमचं भांडण झालंय का? हे म्हणतात झालं नाही."

"नाही झालं," मी म्हणालो. भांडण झालं असतं तर मी मिटवलं असतं. सासुरवाडीत वावरून तेवढं शिकलो होतो.

पंधरा दिवस मी वाट पाहिली. मग एका दुपारी कारखान्यात गेलो. सात तारांची गिटार कपाटावर टाकली होती आणि जुनी, सहा तारांची, बरोबर घेतली होती, पुरावा म्हणून. तो हातभर लांब सुईने गादीला टाके घालत होता. एक टाका वरून खाली, एक खालून वर, मग गाठ.

"या साडूभाऊ, बसा," तो म्हणाला.

बसा. पहिल्या भेटीनंतर हे पहिल्यांदा. मी गाद्यांवर बसलो आणि पाठ करून आणलेलं सगळं म्हणून टाकलं. सातवी तार बंद. खर्ज कायमचा अर्ध्यावर. तुझ्या जाड तारांचा संच मी मागवलाय, वेळ लागू दे, सहा महिने लागू दे. चूक माझी, शंभर टक्के माझी.

त्याने टाका पुरा केला. "राग नाही रे," तो म्हणाला, आणि 'रे' ऐकून मला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. "खरं सांगू? पहिले तीनचार रविवार फार लागलं. बटणावर बोट ठेवून उभा राहायचो. तू वळून बघशील, म्हणशील अरे काहीतरी कमी आहे, की लगेच वाढवायचं, असं. मग पाचव्या का सहाव्या रविवारी मजा यायला लागली. चुकलं तरी चालतंय. मध्येच थांबलं तरी चालतंय. एकदा मी अख्खं गाणं उद्याच्या कापडाचा विचार करत उभा होतो."

"मग आता..."

"आता ते जाईना. परवा घरी बेस घेतला, आवाज नीट लावून बसलो. दोन मिनिटं वाजवलं आणि बाजूला ठेवला. वाईट नाही वाटलं. वाईट वाटलं असतं तर मी आपणहून आलो असतो तुझ्याकडे."

मी म्हणालो, "ठेव की अजून थोडे दिवस. येईल परत."

"बेस दिला मी. पुतणीच्या कॉलेजात एकजण शोधत होता." त्याने सुई गादीत खोचली. "तुझा तो संच परत कर. उघडला नसशील तर घेतात."

चहा आला. आम्ही मुलीच्या शाळेविषयी बोललो, सासऱ्यांच्या गुडघ्याविषयी बोललो. निघताना तो दारापर्यंत आला, तसा तो कुठल्याही गिऱ्हाइकाबरोबर यायचा.

कारखाना आम्ही पुढे फार दिवस वापरला नाही. तिथे वाजवणं बरं दिसेना. दाढच्या ओळखीने वीज मंडळाच्या एका उपकेंद्रामागची खोली मिळाली, आणि तिथल्याच एक इंजिनिअर बाई बेस वाजवायला आल्या. पाच तारांचा बेस, हात स्वच्छ, तालाला पक्क्या. मी सहा तारांवरच असतो. हात आता तिथेही चुकतो, काठावरची सोडून आतली तार धरतो, पण ते माझं मी बघतो. खर्ज इतका खाली असतो की मास्तर म्हणतात, गिटार आहे की डास?

बाईंची माझ्याविषयी एकच तक्रार आहे. परवा चौथ्यांदा मी गाणं मध्येच थांबवलं आणि त्यांच्याकडे वळलो.

"बाई, तुम्ही आहात ना?"

"अहो आहे!" त्या म्हणाल्या. "समोर उभी आहे, घामाने निथळतेय, वाजवतेय. किती वेळा विचारणार?"

"बटण एकदा बघता का?"

त्यांनी दाढकडे पाहिलं. दाढने कानातलं मेण काढलं आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. बाईंनी उसासा टाकला, बोट बटणावर नेलं आणि मला दिसेल अशा बेताने, शेवटपर्यंत फिरवून दाखवलं.